जिंकताना गर्दी, हरताना कोण?

गेल्या महिन्याच्या सदरात मी लिहिलं होतं की फुटबॉलच्या पाठीराख्यांची निष्ठा प्रेक्षकसंख्येवरून मोजू नये. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्याच विषयाला द्यायचं ठरवलं. काही पत्रांत राग आहे, काहींत खरोखरचं दुःख आहे. त्यातल्या पाच पत्रांना उत्तरं देते आहे.

प्रश्न: ताई, २०२३ मध्ये मँचेस्टर सिटीने एकाच हंगामात प्रीमियर लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हापासून मी त्यांचा चाहता आहे. मित्र मला ‘ग्लोरी हंटर’, म्हणजे यशामागे धावणारा, म्हणतात. संघ हरायला लागला की तू पळशील, असं त्यांचं म्हणणं. जिंकणारा संघ निवडला म्हणून माझी निष्ठा खोटी ठरते का?

उत्तर: अजिबात नाही. आणि मित्रांना एकदा विचार, त्यांनी आपापले संघ कधी निवडले? लहान वयात आपण एक तर घरात चालत आलेला संघ घेतो, नाही तर त्या वर्षी जिंकत असलेला. बहुतेक मोठ्या क्लबांचे पाठीराखे असेच यशाच्या काळात वाढले आहेत.

इंग्लंडच्या न्यूकॅसलचं बघ. तिथे हंगाम संपला की तळाचे संघ खालच्या श्रेणीत घसरतात आणि वरचे संघ बढती मिळवतात. १९९२ च्या फेब्रुवारीत केव्हिन कीगन मॅनेजर म्हणून आला, तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत घसरण्याच्या बेतात होता. पुढच्याच हंगामात त्याने संघाला वर नेलं, मग संघ थेट विजेतेपदासाठी झुंजू लागला आणि तिकीट मिळणं मुश्कील झालं. स्टेडियम वाढवत वाढवत ५२ हजारांचं करावं लागलं. म्हणजे यशामुळेच लोक आले, हे उघड आहे. पण आलेले गेले का? १९५५ च्या एफए कपनंतर देशातला मोठा करंडक हाती लागायला २०२५ चा मार्च उजाडला, लीग कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलला हरवलं तेव्हा. मधल्या काळात २००९ आणि २०१६ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून, म्हणजे सर्वोच्च श्रेणीतून, खाली घसरला. त्यानंतर दुसऱ्या श्रेणीत खेळताना पहिल्या वेळी सरासरी ४३ हजार लोक यायचे आणि दुसऱ्या वेळी ५१ हजार! कीगनच्या दिवसांत वडिलांचा हात धरून आलेली पोरंच त्या गर्दीत मोठी झाली होती. त्यांना कोणी ग्लोरी हंटर म्हणून दाखवावं.

आता तुझा क्लब. त्याचा हा इतिहास तुला पाठ असायलाच हवा. सिटी १९९६ मध्ये प्रीमियर लीगमधून घसरली आणि १९९८ मध्ये आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या श्रेणीत. त्याच शहरातला मँचेस्टर युनायटेड तेव्हा युरोप जिंकायला निघाला होता. अशा वेळी मेन रोड या जुन्या मैदानावर तिसऱ्या श्रेणीचे सामने बघायला सरासरी २८ हजार लोक येत होते. सगळेच सामने असे भरत नव्हते. डिसेंबरात खालच्या श्रेणींतल्या संघांसाठी असलेल्या एका दुय्यम स्पर्धेत मॅन्सफिल्डविरुद्ध फक्त ३,००७ प्रेक्षक होते. याच २८ हजारांच्या क्लबचे ते ३ हजार. लोकांना लीगमध्ये वर जायचं होतं, त्या दुय्यम स्पर्धेत कोणालाच रस नव्हता.

मग आला ३० मे १९९९, वेम्बलीवर जिलिंगहॅमविरुद्धचा बढतीचा सामना. नव्वद मिनिटं भरत आली तरी सिटी ०-२ ने मागे. काही पाठीराखे उठून बाहेर पडले होते. केव्हिन हॉरलॉकने एक गोल फेडला, आणि भरपाई वेळेत पॉल डिकॉव्हने दुसरा मारला. आतला गलका ऐकून बाहेर गेलेले लोक धावत परत आले. पेनल्टी शूटआऊटमध्ये सिटी जिंकली. त्या आधी चारच दिवस युनायटेडने बार्सिलोनात चॅम्पियन्स लीग जिंकली होती, हे लक्षात घेऊन तो गोल बघ. तुझ्या स्टँडमध्ये आज जे साठीचे लोक गातात, ते या दिवसातून आलेत. त्यांच्यापैकी कोणी तुला ‘तू कधीपासून?’ असं विचारलं, तर खरं उत्तर दे आणि मग त्यांचं ऐकून घे. संघाचे वाईट दिवस आले की त्यांच्यासारखं बघत राहा, एवढंच माझं सांगणं.

प्रश्न: मी संख्याशास्त्र शिकवतो. संघ जिंकला की प्रेक्षक वाढतात, हरला की घटतात, हा संबंध मला सरळ वाटतो. आपण तो नाकारता, तर पुरावा द्यावा.

उत्तर: सर, संबंध मी नाकारत नाही. तो आहेच. अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी सात विद्यापीठांत निरीक्षण केलं होतं: शनिवारी विद्यापीठाचा संघ जिंकला असेल, तर सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. खेळ तिथला अमेरिकन फुटबॉल, पण माणसाचा स्वभाव तोच. इंग्लिश प्रीमियर लीगवर बाबातुंडे बुराइमो आणि रॉब सिमन्स या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यासही तुमच्या बाजूने जातो. बरोबरीच्या झुंजीपेक्षा घरचा संघ सहज जिंकेल अशी खात्री असलेल्या सामन्याला गर्दी जास्त, असं त्यांना आढळलं. पण त्याच अभ्यासात दुसरं टोकही आहे: पाहुणा संघ फारच बलाढ्य असेल, घरचा हरण्याचीच शक्यता जास्त असेल, तेव्हाही मैदान भरतं. तुमची सरळ रेषा तिथेच वाकली.

आणखी मागे जाऊ. १९४८-४९ च्या हंगामात इंग्लिश लीगच्या सामन्यांना मिळून ४ कोटी १० लाखांहून जास्त प्रेक्षक आले. १९८५-८६ मध्ये तो आकडा १ कोटी ६५ लाखांच्या आसपास उतरला. या काळात इंग्लिश क्लब हरत होते का? उलट! १९७७ ते १९८२ अशी सलग सहा वर्षं युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) इंग्लंडमध्येच आला. मॅनेजर ब्रायन क्लफच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टने १९७९ आणि १९८० असा लागोपाठ दोनदा तो जिंकला आणि त्या दुसऱ्या हंगामात घरच्या मैदानावर सरासरी ३० हजारही लोक नव्हते. लिव्हरपूलने १९८३-८४ मध्ये लीग, लीग कप आणि युरोपियन कप असे तीन करंडक घरी आणले. अॅनफिल्ड या त्यांच्या मैदानावर प्रेक्षक सरासरी ३२ हजारांच्या आसपास. कारखाने बंद पडत होते, बेकारी वाढली होती, मारामाऱ्यांच्या भीतीने माणसं मुलांना मैदानावर नेईनाशी झाली होती आणि स्टँड तर जीवघेणे होते. १९८५ मध्ये ब्रॅडफर्डला लाकडी स्टँड पेटला, १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि त्यात अखेर ९७ जणांचे जीव गेले. लोक मोठ्या संख्येने परत आले ते हिल्सबरोच्या चौकशीच्या टेलर अहवालानंतर, मैदानं सुधारली तेव्हा. तिथे यशाचा काय संबंध होता?

पण तुम्हाला एकच उदाहरण द्यायचं, तर मी संडरलंडचं देईन. हा क्लब मी जवळून पाहिला आहे. २०१६-१७ मध्ये तो प्रीमियर लीगमध्ये तळाला गेला. सरासरी प्रेक्षक होते ४१ हजार. पुढच्या वर्षी दुसऱ्या श्रेणीतही तळाला, प्रेक्षक उतरून २७ हजारांवर. इथपर्यंत तुमचा सिद्धांत बरोबर. २०१८-१९ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे आणखी खाली. सरळ रेषेनुसार आकडा वीस हजारांवर यायला हवा होता. झाला ३२ हजार.

त्या हंगामात मी कामानिमित्त इंग्लंडमध्ये होते आणि स्टेडियम ऑफ लाइट या संडरलंडच्या मैदानात जाऊन काही सामने बघितले. तिथल्या लाल खुर्च्या उन्हापावसाने विटून गुलाबी झाल्या होत्या. जुन्या मालकाला क्लब विकायचा होता, खुर्च्यांकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ? २०१८ च्या उन्हाळ्यात नवे मालक आले आणि पाठीराख्यांनी स्वतः येऊन, मोबदला न घेता, त्या खुर्च्या बदलायला हात लावला. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी खालच्या रांगांकडे बोट दाखवून सांगितलं, ‘त्या तिथल्या मी आणि माझ्या भावाने बसवल्या.’ खेळ चालू होता तरी त्यांची नजर थोडा वेळ त्या खुर्च्यांवरच होती. उत्तरार्धात कधीतरी ध्वनिक्षेपकावरून त्या दिवसाची प्रेक्षकसंख्या सांगतात. ती ऐकल्यावर अख्खं स्टेडियम टाळ्या वाजवतं, स्वतःसाठी. तिसऱ्या श्रेणीतली ती टाळी मी मोठमोठ्या मैदानांवर ऐकलेल्या गोलच्या जल्लोषापेक्षा जास्त लक्षात ठेवली आहे. त्याच वर्षी बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, ब्रॅडफर्डविरुद्ध ४६,०३९ लोक आले. मार्चमध्ये वेम्बलीवर तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या संघांसाठीच्या करंडकाचा अंतिम सामना झाला, संडरलंड विरुद्ध पोर्ट्समथ. ८५,०२१ प्रेक्षक! संडरलंड तो पेनल्टीवर हरला. मग मे महिन्यात बढतीचा सामनाही चार्लटनविरुद्ध भरपाई वेळेतल्या गोलने हरला. त्यानंतर आणखी तीन वर्षं तो तिसऱ्या श्रेणीतच होता.

माझं म्हणणं यातून येतं. लोक करंडकाच्या मागे तितके येत नाहीत, जितके आशेच्या मागे येतात. संघ कुठल्या श्रेणीत आहे यापेक्षा तो कुठे निघाला आहे, आणि क्लब चालवणाऱ्यांना त्याची फिकीर आहे की नाही, हे पाठीराखे आधी बघतात. दुसऱ्या श्रेणीतला, कोणालाच नको असलेला संघ त्यांना नकोसा झाला होता. खाली जाऊनही जिंकू पाहणारा संघ त्यांना हवा होता. तुमच्या समीकरणात यशाच्या जोडीला अपेक्षा हा घटक घाला, तिकिटाचा दर घाला आणि स्टेडियमची क्षमताही घाला. कारण लेस्टरसारखा क्लब २०१६ मध्ये अनपेक्षितपणे लीग जिंकतो तेव्हा प्रेक्षकसंख्या फारशी वाढलेली दिसत नाही. ३२ हजारांचं मैदान आधीच भरत होतं, आणखी माणसं बसवायची कुठे?

जाता जाता जर्मनीतल्या बोरुसिया डॉर्टमुंडचाही आकडा बघा. २००५ मध्ये दिवाळखोरीच्या दारात गेलेला क्लब, २००७-०८ मध्ये बुंडेसलीगात, म्हणजे तिथल्या सर्वोच्च श्रेणीत, तेरावा. सरासरी प्रेक्षक ७० हजारांहून जास्त. तिथल्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे २५ हजार माणसं उभं राहून सामना बघतात आणि उभ्याचं तिकीट परवडतं.

प्रश्न: टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या स्पष्ट दिसत असतात आणि प्रेक्षकसंख्या मात्र ‘हाउसफुल्ल’ सांगतात. ही फसवणूक नाही का?

उत्तर: फसवणूक म्हणणार नाही, पण आकडा वाचताना हे माहीत हवं. इंग्लंडमध्ये क्लब बहुधा विकलेल्या तिकिटांची संख्या जाहीर करतात. सीझन तिकीटवाला, म्हणजे अख्ख्या हंगामाचं तिकीट आधीच घेतलेला माणूस, त्या दिवशी घरी झोपला असला तरी तो ‘हजर’ धरला जातो. दारातल्या फिरत्या फाटकातून प्रत्यक्ष आत गेलेल्यांची संख्या वेगळी असते आणि ती सुरक्षेसाठी ठेवलेली असते, जाहीर होतेच असं नाही. संघ ढेपाळलेला असला की या दोन आकड्यांतलं अंतर वाढतं. मला विचाराल तर त्या अंतरात संख्याशास्त्राच्या सरांना जास्त माहिती मिळेल. पैसे आधीच भरलेला माणूस पावसात बाहेर पडत नाही, तेव्हा तो क्लबला काहीतरी सांगत असतो.

प्रश्न: माझा मुलगा मेस्सीमागे बार्सिलोना, मग पॅरिस, मग मायामी असा फिरला. याला निष्ठा म्हणायचं का? आम्ही असे नव्हतो.

उत्तर: खेळाडूवर निष्ठा ठेवणं हीसुद्धा निष्ठाच. तुमचा मुलगा एकटा नाही. एप्रिल २०२४ मध्ये मेस्सीचा इंटर मायामी कॅन्सस सिटीला खेळायला गेला, तेव्हा यजमान क्लबने नेहमीचं साडेअठरा हजारांच्या आसपासचं मैदान सोडून सामना ॲरोहेड या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियममध्ये नेला आणि ७२,६१० लोक आले. यजमान क्लबला इतके पाठीराखे एका दिवसात मिळाले नव्हते, ते मेस्सीला बघायला आले होते. खेळाडू निवृत्त होतो. तेव्हा मुलाला एखादा क्लब लागेल, आणि तो त्याचा त्याला सापडू द्या. तुमचा क्लब त्याच्यावर लादू नका, ही माझी कळकळीची विनंती.

प्रश्न: मी वर्षानुवर्षं एका परदेशी क्लबचा पाठीराखा आहे, तिथे राहत असताना सीझन तिकीटही होतं. मालक तिकिटाचे दर वाढवतच जातात, कारण आम्ही येणारच हे त्यांना ठाऊक आहे. सामन्यावर बहिष्कार टाकणं ही गद्दारी होईल का?

उत्तर: होणार नाही. हे तुम्हाला निःसंकोच सांगते. मालक निष्ठेलाच हमी समजू लागला की पाठीराख्यांच्या हातात गैरहजेरी हे एकच हत्यार उरतं. ते चालतं, याचा पुरावा आहे. ६ फेब्रुवारी २०१६ ला अॅनफिल्डवर, समोर तोच आपला संडरलंड होता, लिव्हरपूल २-० ने पुढे असताना ७७ व्या मिनिटाला हजारो पाठीराखे उठून बाहेर चालू लागले. पुढच्या हंगामात सर्वात महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं क्लबने ठरवलं होतं, म्हणून ते मिनिट. सामना २-२ असा सुटला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगच्या क्लबांनी पाहुण्या पाठीराख्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा घातली. जिंकत असलेल्या संघाला पाठ दाखवणाऱ्या त्या लोकांना मी तरी गद्दार म्हणणार नाही.

आणि याहून मोठी गोष्ट विम्बल्डनची आहे. टेनिसचं विम्बल्डन नव्हे, त्याच भागातला फुटबॉल क्लब. १९८८ मध्ये त्याने लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला होता. पुढे मालकांना क्लब उचलून मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात न्यायचा होता, आणि २००२ च्या मे महिन्यात तीन सदस्यांच्या आयोगाने तशी परवानगी दिली. पाठीराख्यांनी काय केलं? त्यांनी नवाच क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. खेळाडू निवडायला विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर चाचणी घेतली. हा क्लब लीगच्या उतरंडीत पार खाली, नवव्या श्रेणीत सुरू झाला. जुना क्लब अजून दुसऱ्या श्रेणीत होता. त्या हंगामात २९ ऑक्टोबर २००२ ला जुन्या क्लबच्या रॉदरहॅमविरुद्धच्या सामन्याला ८४९ प्रेक्षक होते. दुसऱ्या श्रेणीत, ८४९! आणि नवव्या श्रेणीतल्या नव्या क्लबला सरासरी ३ हजारांहून जास्त लोक येत होते. जुन्याच्या त्या हंगामाच्या सरासरीपेक्षा हा आकडा मोठा होता.

तुमचे मालक हे कोष्टक कधी वाचतील तर बरं. तिथे हरणं-जिंकणं नव्हतंच. माणसांनी आपल्या क्लबला दुसऱ्या श्रेणीतही सोडलं, कारण तो त्यांचा उरला नव्हता. एएफसी विम्बल्डन २०११ मध्ये पुन्हा फुटबॉल लीगमध्ये आला, नऊ वर्षांत पाच बढत्या मिळवून. आजही त्याची बहुतांश मालकी पाठीराख्यांच्या ट्रस्टकडे आहे. २०२० मध्ये प्लाउ लेनवरचं स्वतःचं स्टेडियम बांधताना पैसा कमी पडला. बाहेरच्या गुंतवणूकदाराला हिस्सा दिला असता तर काम झालं असतं. पाठीराख्यांनी त्याऐवजी क्लबचे रोखे विकत घेतले आणि ५० लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली. तुमच्या क्लबचा पाठीराख्यांचा ट्रस्ट असेल, तर आधी त्याचे सभासद व्हा, मग बहिष्काराचं पत्र त्यांच्या नावाने पाठवा. एकट्याची रिकामी खुर्ची मालकाला दिसत नाही.